दोन बोटं

कुट्टी येण्याआधी कडबा अख्खाच टाकायचो.
कवडी पानं तेवढी ओरबाडून घ्यायची,
धाटं पायाखाली घालून त्यावर मुतायची,
आणि सकाळी झाडताना वाटायचं,
दादरचं अर्धं वावर मी उकिरड्यावर नेतेय.

मग दोडीत चांगदेव आव्हाडाचं यंत्र आलं,
ट्रॅक्टरच्या मागे, लाल, नवंकोरं.
चांगदेवच्या उजव्या हाताला तीनच बोटं.
मधली दोन जुन्या हातचाकाच्या कुट्टीने घेतली,
पोळ्याच्या आदल्या दिवशी.
"किती बारीक करू, वहिनी?"
होईल तितकं, मी म्हटलं.
बारीक म्हणजे माया, असं मला वाटायचं.
लेकराला पोळी कुस्करून देतो, तसं.

पडला तो भुगाच. रव्यासारखा.
वर दोन पाट्या भरडा.
गव्हाण लख्ख, एक काडी उरेना.
मी शेजारणीला बोलावून रिकामी गव्हाण दाखवली.

नवव्या दिवशी डेअरीतल्या पोराने चिठ्ठी फाडून दिली,
मान वर न करता.
फॅट दोन आठ.
मागच्या हप्त्यात तीन नऊ होती.
"पाणी पडलं का काकू?"
रांगेतले सगळे आपापल्या किटल्यांत बघायला लागले.

त्या रात्री गोठ्यात उभी राहिले
आणि कितीतरी वेळाने कळलं, काय नाही ते.
आवाज नाही.
कवडी बसलेली, डोळे उघडे,
जबडा बंद दुकानासारखा.

डॉक्टर खैरनार नांदूर शिंगोट्याहून आले.
डाव्या भकाळीत मूठ रुतवली,
दुसऱ्या हातावरचं घड्याळ बघत राहिले.
कोटीपोटाने मिनिटात दोनदा तरी ती मूठ उचलायला हवी.
एकदाच उचलली, तीही नाखुशीने.

"गव्हाणीत ती नुसतं पोतं भरते," ते म्हणाले,
"जेवण नंतर असतं. निवांत बसून.
एकेक घास पुन्हा वर आणायचा,
पन्नास-साठ वेळा चावायचा.
चावताना लाळ सुटते, दिवसाला दहा-दहा बादल्या,
ती पोटातलं आंबट मारते.
तुम्ही तिचं चावणं यंत्राकडून करून घेतलंत.
लाळ कुठून आणणार?"

खायचा सोडा लिहून दिला, भरडा निम्म्यावर आणला.
"आणि कुट्टी दोन बोटं लांब ठेवा."

चांगदेव तिथेच उभा होता.
त्याने उजवा हात वर केला,
मधली रिकामी जागा दाखवली.
"ह्या दोन का?"

डॉक्टर हसले नाहीत. मीही नाही.
तोच हसला.
गिअर बदलला, पाती काढून घासली,
पहिला तुकडा बाहेर पडला तो उचलून
त्या जागेत धरून बघितला.
बरोबर बसला.

आता गव्हाणीत थोडं उरतं.
बुडखे, गाठी. ते शेळीला जातात.
फॅट तीन चारवर आलीय, पुढचं बघू.
डेअरीतला पोरगा अजून मान वर करत नाही.

काल रात्री मुक्ता गोठ्याच्या उंबऱ्यावर
गाईडमधली उत्तरं पाठ करत होती.
पाचवं धडाधड म्हणून दाखवलं
आणि थांबली. "आई, प्रश्न काय होता गं?"
मी म्हटलं, गप. ऐक.

कवडीच्या गळ्यात खालून काहीतरी चढलं,
मुठीएवढं, कातड्यावरून दिसेल असं.
मग सुरू झालं.
ओल्या वाळूत चप्पल घासावी तसा आवाज,
डावीकडून उजवीकडे, घाई नाही कसलीच.
पोरीने गाईड मांडीवर उलटं ठेवलं.
आम्ही दोघी मोजायला लागलो, मनात.

गिळलं.
मी म्हटलं त्रेपन्न.
ती म्हणाली चौपन्न, एक तू सोडलास.
पुढचा घास वर येईपर्यंत
आमचं तेवढ्यावरून भांडण झालं.